तराजूमागचा नट

‘पथेर पांचाली’त (1955) अपूची शाळा भरते ती किराणा दुकानात. प्रसन्न गुरुजी उघड्या अंगाने बसलेले, छडी हाताशी. गिऱ्हाईक आलं की माल द्यायचा, मध्येच पोरांना शुद्धलेखन घालायचं, ओळखीचं कुणी टेकलं तर गप्पाही हाणायच्या. तोंड एका कामात, हात दुसऱ्या आणि नजर गुपचूप खेळत बसलेल्या पोरावर. अपूला हसू येतं. गुरुजी डोळे वटारतात आणि ते जागच्या जागी विरतं. दोन-चार मिनिटांचा प्रसंग, पण त्या गावातली शाळा म्हटलं की हाच माणूस आठवतो.

हे तुलसी चक्रवर्ती (1899–1961). बंगालीत अशा भूमिकांना ‘पार्श्वचरित्र’ म्हणतात. पार्श्व म्हणजे बाजू; पण हा नट बाजूला उभा राहतच नाही. नायकाला वाक्य पुरवून गप्प बसणं त्याला जमत नसावं. त्याच्या माणसाला आपला धंदा असतो, आपली काळजी असते, आणि कथा जणू त्याच्या कामात व्यत्यय म्हणून येते. मला त्याच्या अभिनयाचं मर्म इथेच दिसतं.

निर्मल दे यांचा ‘साडे चुयात्तर’ (1953) उत्तमकुमार-सुचित्रा सेन ही जोडी प्रथम एकत्र आली म्हणून सांगितला जातो. खरं सांगायचं तर त्या दोघांचं प्रेम फिकं आहे. रंगत आहे ती मेसचालक रजनीबाबू (चक्रवर्ती) आणि त्यांची बायको (मलिना देवी) यांच्यात. त्या तरुण जोडीचं प्रेमपत्र बायकोच्या हाती लागतं आणि संशय येतो तो या टकल्या, पोटसुट्या नवऱ्यावर! चक्रवर्ती इथे विनोद ‘करत’ नाहीत. गृहस्थ मनापासून गोंधळतो, हसायचं आपण.

सत्यजित राय यांनी ‘परश पाथर’मध्ये (1958) त्यांना थेट नायक केलं. लेखक परशुराम यांच्या कथेतला कारकून, परेशचंद्र दत्त, त्याला परीस सापडतो. पहिल्यांदा खेळण्यातलं लोखंड सोन्याचं होतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लोभाआधी भीती येते. आयुष्यभर साहेबाला घाबरलेल्या माणसाला नशिबाचीही भीतीच वाटणार. पुढे श्रीमंतांच्या कॉकटेल पार्टीत त्याला चढते, तेव्हा त्याच्या अंगावरची ती उसनी प्रतिष्ठा कशी सुटत जाते ते पाहावं. उत्तरार्धात परीस त्याच्या सेक्रेटरीच्या पोटात जातो, कॅमेरा चक्रवर्तींवरून हलतो आणि चित्रपट ढिला पडतो. रायबाबूंचा हा दोष मला आजही खटकतो.

त्यानंतरच्या पिढीत रबी घोष, संतोष दत्त असे मातब्बर झाले. पण घोषांची चपळाई दिसते, दत्तांची लकबही चटकन ओळखू येते. चक्रवर्तींचं काय घ्यायचं तेच हाती लागत नाही. ‘परश पाथर’च्या शेवटी सोन्याचं पुन्हा लोखंड होतं. सगळं गमावलेल्या त्या कारकुनाच्या तोंडावर तेव्हा सुटल्याचा आनंद पसरतो, आणि परेशबाबू इतक्या वेळानं प्रथमच सरळ श्वास घेतात.