चुंबकातून काढलेलं बी आणि त्यावर बसवलेलं मॉडेल

आता शेवटच्या भागाकडे येऊ. पेरणीआधी बियाण्यावर विद्युतचुंबकीय प्रक्रिया केली की उगवण सुधारते, असं सांगणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत. माझा आक्षेप प्रयोगांवर कमी, त्यावर बसवलेल्या गणिती मॉडेलांवर जास्त आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. मायक्रोवेव्हमध्ये, समजा २.४५ गिगाहर्ट्झला, बी तापतं. ते किती तापेल हे क्षेत्राची तीव्रता, दाण्यातला ओलावा आणि वेळ यांवरून मांडता येतं. तिथे मॉडेलच्या पायाशी भौतिकशास्त्र आहे. स्थिर चुंबकीय क्षेत्रात दाणा असा तापत नाही आणि आत नेमकं काय घडतं यावर एकमत नाही. मग काय होतं? तीव्रता आणि वेळ ही दोन चलं घ्यायची आणि आकड्यांवर एक द्विघाती पृष्ठभाग बसवायचा.

हरभऱ्याचंच बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ५० ते २५० मिलिटेस्ला, १ ते ४ तास, अशा २० जोड्या. उत्तम ठरल्या तीन: ५० ला २ तास, १०० ला १ तास, १५० ला २ तास. आता ५० आणि १५० च्या मधली, १०० ला २ तास, ही जोडी त्यांत नाही! द्विघाती पृष्ठभागाला फार तर एकच टेकडी असते. असा पृष्ठभाग या आकड्यांवर बसवला, तर तो मधला खड्डा बुजवून टाकेल आणि वर एक ‘इष्टतम मात्रा’ छापून देईल.

तो खड्डा खरा आहे की योगायोग? ५ टक्क्यांच्या कसोटीवर २० तुलना केल्या, तर काहीच परिणाम नसतानाही सरासरी एखादी तुलना ‘यशस्वी’ दिसतेच. निवाडा फक्त पुन्हा केलेला प्रयोग करू शकतो.

दुसरं असं की हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८५ टक्के लागते. म्हणजे चांगल्या बियाण्यात सुधारायला जागा जेमतेम १५ टक्क्यांची. जुन्या, दमलेल्या बियाण्यात ती जास्त. बियाण्याची मूळ उगवण आणि ओलावा मॉडेलमध्ये नसेल, तर ते मॉडेल त्या एका पोत्यापुरतंच.

तिसरं, विद्युतचुंबकाची गुंडाळी तापते. चुंबकाविना पण तेवढ्याच तापमानात ठेवलेलं बी तुलनेला हवं. शिवाय नुसतं पाण्यात भिजवून सुकवलेलंही हवं, कारण शेतकऱ्यापुढचा स्वस्त पर्याय तोच आहे.

मराठवाड्यात जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर हरभरा घेणाऱ्याला आलेखाची सुबक टेकडी नको, उगवलेली ओळ हवी. म्हणून माझी अपेक्षा साधी आहे: नव्या बियाण्यासाठी, नव्या हंगामासाठी मॉडेलने आपला आकडा पेरणीआधी लिहून द्यावा. मग उगवलेली रोपं मोजू.