अली की मार्सियानो?

हा वाद निघाला की मला १९७० चा ‘द सुपर फाइट’ आठवतो. एकही लढत न हरता, ४९ विजय घेऊन निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि मोहम्मद अली १९६९ मध्ये कॅमेऱ्यापुढे लुटुपुटीचे लढले. शेवट अनेक चित्रित केले. खरा कुठला, ते म्हणे संगणकाने ठरवलं. अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटात मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला लोळवतो.

चित्रपट म्हणून तो फसलाच आहे. पंचेचाळिशीचा मार्सियानो टोप घालून उतरलाय, आणि ठोसे बेतून मारलेले कळतात. पण मला खटकतं ते वेगळंच. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून अलीला १९६७ पासून खऱ्या लढती बंद होत्या. पंचविशी ते अठ्ठाविशी, बॉक्सरची ऐन उमेदीची वर्षं! खऱ्या रिंगणाबाहेर ठेवलेल्या माणसाला खोट्या रिंगणात हरवून दाखवणं हा खेळ नव्हे.

मार्सियानो प्रदर्शनाआधीच विमान अपघातात गेला. कोण जिंकलं असतं, यावर खुशाल भांडा. मला मात्र अलीच्या त्या न झालेल्या, पण होऊ शकल्या असत्या अशा लढतींची हळहळ जास्त वाटते.