सुटका आणि घर : संस्थामुक्तीच्या कल्पनेची चिकित्सा

१

'सुटका' आणि 'पुनर्वसन' हे दोन शब्द आपल्या शासकीय व सामाजिक लेखनात इतके जोडीने येतात, की पहिल्यातून दुसरे आपोआप निष्पन्न होते असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो. वस्तुतः या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. सुटका हुकमाने होते. ती एका दिवसात होते आणि तिची तारीख सांगता येते. पुनर्वसनाची अशी तारीख सांगता येत नाही. ते एखाद्या व्यवस्थेतून घडते, आणि ती व्यवस्था कोणी चालवायची, तिचा खर्च कोणी सोसायचा व ती बिघडल्यास जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न सुटकेच्या हुकमात क्वचितच आढळतात.

प्रस्तुत लेखाचा विषय संस्थामुक्ती हा आहे. वसाहत, मनोरुग्णालय, भिक्षेकरी गृह किंवा शुश्रूषालय अशा बंदिस्त ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या माणसाने सामान्य वस्तीतील सामान्य घरात राहावयास जाणे, असा तिचा अर्थ येथे घेतला आहे. या कल्पनेची परीक्षा करण्यासाठी तीन उदाहरणे निवडली आहेत : सोलापूरची 'सेटलमेंट', अमेरिकेतील मेडिकेड योजनेखालील स्थलांतराची व्यवस्था आणि महाराष्ट्रातील मनोरुग्णालयांची आजची स्थिती. या तिन्हींतील माणसे एका जातीची नाहीत, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. सेटलमेंटमधील लोक आजारी नव्हते; केवळ विशिष्ट जमातीत जन्मल्याच्या कारणाने त्यांना कोंडण्यात आले होते. म्हणून येथे तुलना माणसांची अभिप्रेत नाही. दाराबाहेर पडण्याच्या व्यवस्थेपुरतीच ती मर्यादित आहे.

२

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही वस्तीचे नाव म्हणून रूढ आहे आणि तिच्या लगतच्या 'फ्री कॉलनी' क्रमांकांनी ओळखल्या जातात. या नावांमागे इ. स. १८७१ चा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा आहे. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली, आणि स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इलाख्यात ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरला कापडगिरण्या होत्या व गिरण्यांना मजूर हवे होते. येथील वसाहतीचा कारभार सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविला. 'उमेदपूर' हे तिचे नाव मोठे आशादायक होते. भोवती मात्र तारेचे काटेरी कुंपण होते. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी कुंपणाच्या आत हजेरी आणि बाहेर जाण्यास पास, असा तेथील जीवनक्रम होता.

या व्यवस्थेचा एक विशेष अभ्यासकांनी दुर्लक्षिलेला दिसतो. वसाहतीच्या आखणीत बाहेर पडण्याची वाटही योजलेली होती. ज्या कुटुंबाची वर्तणूक काही वर्षे समाधानकारक ठरे, त्याला परवान्यावर कुंपणाबाहेर, फ्री कॉलनीत, स्वतःचे घर बांधून राहण्याची मुभा मिळे. कुटुंब एकत्र ठेवणे, काम तुटू न देणे आणि शेजार ओळखीचा राखणे, या तीन गोष्टी या योजनेत साधल्या होत्या. आजचे तज्ज्ञ संस्थामुक्तीसाठी ज्या पायऱ्या सुचवितात, त्यांतील काही येथे शंभर वर्षांपूर्वी आढळतात, हे मान्य करावयास हवे.

तथापि या योजनेचा दोषही तिच्या रचनेतच होता. वसाहत चालविणारी, शाळा काढणारी, कामावर पाठविणारी आणि वर्तनाची नोंद ठेवणारी यंत्रणा एकच होती. माणूस बाहेर जाण्यास योग्य झाला की नाही, हे ठरविण्याचा आधार त्याला आत ठेवणाऱ्याच्याच दप्तरात होता. शिवाय फ्री कॉलनीतील वास्तव्य परवान्यावरचे होते, म्हणजे ते रद्द होऊ शकत असे. ज्या घरातून दुसऱ्याच्या शेऱ्यामुळे कुंपणाआड परतावे लागते, त्याला 'घर' म्हणणे अवघड आहे. मिशनमधील अनेकांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सद्भावना ही रचनेतील दोषावरचा उतारा होऊ शकत नाही.

मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा रद्द केला. भारत सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द केला, आणि 'गुन्हेगार' म्हटल्या गेलेल्या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. सोलापूरच्या दृष्टीने १९४९ या सालाला आणखी एक अर्थ आहे. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे शहराची 'जुनी मिल', बंद पडली. १९५० च्या आरंभी केंद्र सरकारने तिचा कारभार हाती घेतला आणि त्यावरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु ज्या गिरणीधंद्याच्या आधारावर वसाहतीची सारी आखणी उभी होती, त्यालाच मुक्तीच्या वर्षी तडा गेला, हा योगायोग बोलका आहे. कायद्याने दार उघडले. दाराबाहेरच्या उपजीविकेची हमी त्या कायद्यात नव्हती, आणि असणे शक्यही नव्हते.

पुढे मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा कायदा आला. त्याने जमातीऐवजी व्यक्तीकडे बोट दाखविले, तरी पोलिसी संशयाची जुनी सवय सुटली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे १९८७ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन त्याची साक्ष देते. विमुक्त व भटक्यांच्या प्रश्नांसाठी २००६ साली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्याकडे होते, आणि त्या आयोगाने २००८ साली अहवाल दिला. सुटकेनंतर अर्धशतक उलटल्यावरही अशा आयोगाची गरज भासली, यावरून सुटका व पुनर्वसन यांतील अंतर किती मोठे आहे, याची कल्पना येते.

३

मुक्तीनंतरची जबाबदारी कोणाची, हा जो प्रश्न सोलापुरात अनुत्तरित राहिला, त्याचे उत्तर कायद्यात व हिशेबाच्या वहीत लिहिण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. तोही आधीच्या अपयशानंतर झाला. १९५५ च्या सुमारास तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. १९६३ च्या कायद्याने त्यांच्यासाठी समाजात केंद्रे काढण्याचे ठरले. रुग्णालये वेगाने रिकामी झाली; पण केंद्रे ठरल्या संख्येने उभी राहिली नाहीत, आणि पुष्कळ माणसे रस्त्यावर किंवा तुरुंगात आढळू लागली. आपल्या १९४९ ची ही मोठ्या प्रमाणावरील पुनरावृत्तीच म्हणावी लागेल.

मेडिकेड ही निर्धनांसाठीची वैद्यकीय साहाय्याची योजना १९६५ साली सुरू झाली. शुश्रूषालयातील राहणे हा तिच्यात हक्क होता, तर घरी मिळणारी सेवा राज्याच्या मर्जीवर सोपविलेली होती. याचा परिणाम उघड आहे : ज्या बाजूला पैसा निश्चित, त्या बाजूला माणूस ओढला जातो. १९८१ साली घरगुती व सामाजिक सेवांवर हा पैसा खर्च करण्याची सवलत राज्यांना मिळाली. २२ जून १९९९ रोजी 'ओल्मस्टेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की समाजात राहण्यास योग्य ठरलेल्या आणि तशी हरकत नसलेल्या अपंग व्यक्तीस विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव होय. २००५ च्या कायद्याने जी योजना आली, तिच्या नावाचाच अर्थ 'पैसा माणसामागे जातो' असा आहे. संस्थेतून घरी आलेल्या व्यक्तीच्या पहिल्या वर्षाच्या सेवांसाठी केंद्र सरकार राज्याला वाढीव हिस्सा देते.

या व्यवस्थेत सेवा देऊ इच्छिणाऱ्या संस्थेस राज्याकडे नोंदणी करून करार करावा लागतो, आणि तिच्यावरील बंधने लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहेत. त्या योजनेत 'घर' कशाला म्हणावे, याची मर्यादा घातली आहे : स्वतःचे वा भाड्याचे घर, अथवा परस्परांशी नाते नसलेल्या चारांहून अधिक व्यक्ती राहत नाहीत असे निवासस्थान. सेवासंस्थेने चालविलेल्या निवासांसंबंधी २०१४ चे नियम आहेत. त्यांनुसार रहिवाशाशी भाडेकरारासारखा लेखी करार हवा, खोलीला आतून कुलूप लावता आले पाहिजे, सोबती निवडता आला पाहिजे, आणि पाहुण्यास केव्हाही येता आले पाहिजे. घराचे मासिक भाडे मेडिकेड सर्वसाधारणपणे देत नाही. परंतु अनामत रक्कम, वीजजोडणी, आवश्यक भांडीकुंडी असा घर मांडण्याचा एकवारचा खर्च अनेक राज्यांत तिच्यातून भागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी संस्था सेवा देते तिनेच त्या माणसाची योजना आखू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. सोलापूरच्या वसाहतीत एकाच हाती एकवटलेले अधिकार येथे हेतुपूर्वक विभागलेले दिसतात.

याचा अर्थ अमेरिकेने प्रश्न सोडविला असा नव्हे. घरगुती सेवांच्या प्रतीक्षायाद्यांवर तेथे लक्षावधी नावे आहेत. भाड्याचा खर्च योजनेबाहेर राहिल्याने, सेवा मंजूर होऊनही परवडणारे घर न मिळाल्यामुळे माणूस संस्थेतच अडकतो. तथापि आपल्या अभ्यासासाठी त्या व्यवस्थेतून एक निकष हाती येतो : पैसा इमारतीला बांधलेला आहे की माणसाला?

४

हा निकष महाराष्ट्राला लावून पाहावा. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १९ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. संक्रमणगृहे, समूहगृहे यांसारख्या कमी निर्बंधांच्या सोयी शासनाने वाजवी मुदतीत उभ्या कराव्यात, असेही तेथे म्हटले आहे. शब्दरचनेच्या दृष्टीने हे कलम कोणत्याही देशाच्या कायद्याशेजारी निःसंकोच ठेवता येईल.

व्यवहारात काय घडले, हे २०१९ च्या एका प्रसंगावरून कळते. बरे झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाविषयी गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. महाराष्ट्रात अशा व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत व वृद्धाश्रमांत हलविण्यात येत असल्याचे न्यायालयासमोर आले, आणि हा प्रकार कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरवून तो तत्काळ थांबविण्यास न्यायालयाने सांगितले. या प्रसंगाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. कागदावर ती माणसे रुग्णालयातून मुक्त झाली होती. प्रत्यक्षात त्यांच्याभोवतीची भिंत फक्त बदलली होती. निधी, खाटा व कर्मचारी ज्या इमारतींशी बांधलेले असतात, त्यांच्यापैकीच एका इमारतीत माणूस पाठविणे प्रशासनाला सर्वांत सोपे जाते. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढील एका जनहित याचिकेतूनही दहा वर्षांहून अधिक काळ मनोरुग्णालयांत राहिलेल्या, परंतु बाहेर जाण्यास योग्य असलेल्या व्यक्तींचा प्रश्न पुढे आला.

दुसरी वाट अशक्य नाही. १९९३ साली चेन्नई येथे स्थापन झालेल्या 'बॅनियन' या संस्थेने दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या व्यक्तींसाठी घरांचा उपक्रम काढला, आणि रत्नागिरीतही त्याचे काम झाले आहे. सामान्य वस्तीत घर भाड्याने घ्यावयाचे, त्यात चार-पाच जणींनी मिळून राहावयाचे, बाजारहाट व स्वयंपाक स्वतः करावयाचा आणि गरजेपुरती मदतनीस सोबत ठेवावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. या कामातील अडचणी अगदी साध्या, म्हणूनच चिवट असतात. घरमालकाला भाडेकरूची ओळखपत्रे व पोलिसांकडील नोंद हवी असते. वीस वर्षे रुग्णालयात काढलेल्या बाईजवळ रुग्णालयाच्या केसपेपरखेरीज कागद नसतो. सही करण्याची तिची क्षमता कायद्याने मानलेली असली, तरी बँक व घरमालक ती मानतीलच असे नाही. अशा कामासाठी कायमचे, माणशी ठरलेले व घरापर्यंत पोचणारे अनुदान नसेल, तर सेवासंस्था देणगीदाराच्या कृपेवर राहते, आणि देणगी आटली की घर मोडते.

५

वरील तीन उदाहरणांवरून संस्थामुक्तीच्या चार कसोट्या मांडता येतात. घराची किल्ली कोणाच्या हाती आहे? भाडेचिठ्ठीवर नाव कोणाचे आहे? उपजीविका वा निर्वाहाची रक्कम घर बदलले तरी टिकते काय? आणि माणसाला सांभाळणारा व त्याच्या मुक्तीचा निवाडा करणारा एकच आहे काय? फ्री कॉलनी तिसऱ्या कसोटीस काही काळ उतरली आणि चौथ्या कसोटीस उतरली नाही. अमेरिकन व्यवस्था पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कसोट्यांचा नियमांत विचार करते, पण घरभाड्याच्या प्रश्नाशी अडखळते. महाराष्ट्राचा कायदा हक्क स्पष्ट शब्दांत देतो. परंतु या चारही प्रश्नांची उत्तरे तो नियमांवर व अंदाजपत्रकावर सोडतो.

या विषयाच्या अभ्यासास सोलापूरइतके अनुकूल शहर दुसरे क्वचितच सापडेल. कुंपणातून परवान्यावर व परवान्यावरून मोकळ्या वस्तीत आलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या येथे राहतात. त्यांच्या घरांची मालकी, कामधंदे, शाळा आणि पोलीस ठाण्याशी आलेले संबंध यांचा पिढीवार अभ्यास झाल्यास, उद्या मनोरुग्णालयातून बाहेर येणाऱ्या माणसासाठी काय टाळावे व काय जपावे, हे परदेशी अहवालांपेक्षा अधिक खात्रीने सांगता येईल. तोपर्यंत, अमुक इतक्या व्यक्तींना संस्थेतून मुक्त केले असे विधान एखाद्या अहवालात आढळल्यास, अभ्यासकाने ते अपुरे समजावे आणि त्या व्यक्ती आज रात्री कोणाच्या घरात झोपतात, हे त्याच अहवालाला विचारावे.