‘काँग्रेस व्यवस्था’: पाठ करायची की तपासायची?

नेट-सेटची तयारी केली असेल तर रजनी कोठारींचं नाव तुम्हाला पाठ असणारच. ‘एशियन सर्व्हे’, डिसेंबर १९६४. सहमतीचा पक्ष आणि दबावाचे पक्ष. चार पर्यायांतून एक निवडायला एवढं पुरतं, संशोधनाला पुरत नाही. आणि राज्यशास्त्राच्या वर्गात हा लेख बरेचदा एवढ्यावरच सोडून दिला जातो.

मूळ लेख जेमतेम तेरा पानांचा आहे, तो वाचाच. कोठारी म्हणतात, भारतात एक पक्ष वरचढ आहे, पण म्हणून ही एकपक्षीय राजवट नाही. खरी स्पर्धा काँग्रेसच्या आतल्या गटांत चालते. विरोधक बाहेरून दबाव आणतात, आतल्या एखाद्या गटामार्फत सरकारला वळवतात. द्विपक्षीय पद्धतीची आयती मोजपट्टी न लावता इथलं राजकारण समजून घेतलं, हे या लेखाचं मोठेपण.

पण काही प्रश्न उरतात. १९६२ साली लोकसभेत काँग्रेसला मतं साधारण ४५ टक्के आणि जागा ४९४ पैकी ३६१, म्हणजे ७३ टक्के. मग विरोधक दुबळे राहिले ते काँग्रेसनं सगळ्यांना सामावून घेतलं म्हणून, की मतं फुटली म्हणून? ‘सहमती’ या शब्दाखाली दोन्ही कारणं झाकली जातात. दुसरं उदाहरण केरळचं. १९५७ मध्ये निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार केंद्रानं १९५९ मध्ये बरखास्त केलं. तिथे ही सहमती कुठे गेली होती?

आता आपल्याकडे या. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर तडाखा दिला. १ मे १९६० ला राज्य झालं आणि १९६२ च्या विधानसभेत काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. उदाहरण कोठारींच्या मांडणीत अगदी चपखल बसतं ना? इथेच सावध व्हा. बसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. समितीचा दबाव काँग्रेसमधल्या गटांमार्फत दिल्लीला पोचला, की थेट मतं जाण्याच्या भीतीनं काम केलं? पहिल्यासाठी नेत्यांचा पत्रव्यवहार आणि पक्षाची कागदपत्रं चाळावी लागतील, दुसऱ्यासाठी मतदारसंघनिहाय निकाल. प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो.

१९६७ मध्ये अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली, आणि १९७४ मध्ये खुद्द कोठारींनी या मांडणीचा फेरविचार करणारा लेख लिहिला. सिद्धांत मांडणाराच तो पुन्हा तपासतो, आणि आपण मात्र दहा मार्कांची टीप म्हणून तो घोकतो!

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘कोठारींच्या चौकटीतून अभ्यास’ असं लिहिण्याआधी एक ओळ लिहून बघा: नेमकं काय सापडलं तर ही चौकट इथे लागू पडत नाही असं मी म्हणेन? ती ओळ सुचेना, तर गाईडकडे जायची घाई करू नका. लेख पुन्हा एकदा वाचा.