धूर काढला, डास कमी झाले. पण ताप कमी झाला का?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि कमजोर होत पुणे, नगर (आताचं अहिल्यानगर), नाशिककडे सरकलं. असा वादळी पाऊस झाला की आमच्याकडे एक मागणी ठरलेली असते: धुराची गाडी पाठवा. गाडीचा आवाज आला की आई आधी दारं-खिडक्या लावून घ्यायची. म्हणजे धूर रस्त्यावर, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती घरात, पलंगाखाली आणि खुंटीवरच्या कपड्यांमागे!

या धुराचा उपयोग किती? एसू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'ट्रॉपिकल मेडिसिन अँड इंटरनॅशनल हेल्थ' या नियतकालिकात यावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. निकषात बसले १५ अभ्यास. त्यातल्या १३ मध्ये अळ्या-कोषांचे निर्देशांक खाली आले, पण ते फार काळ टिकलं नाही. माणसांमधला आजार मोजला फक्त एका अभ्यासात, आणि तिथला परिणाम एकट्या फवारणीचा म्हणता येत नव्हता.

मला या आढाव्याचं हेच मोल वाटतं. 'डास कमी झाले' आणि 'डेंग्यू कमी झाला' ही दोन वेगळी विधानं आहेत, हे तो दाखवून देतो. डास मोजणं सोपं, म्हणून आपण डास मोजतो आणि निष्कर्ष मात्र आजाराबद्दल काढतो.

पण आढावा वाचून 'फवारणी निरुपयोगी' असं लिहून मोकळं होणंही चूकच. पुरावा नसणं म्हणजे परिणाम नसणं नव्हे. शिवाय हा आढावा डेंग्यूबद्दल आहे, वादळानंतरच्या परिस्थितीबद्दल नाही. तिथे आणखी एक गोची आहे. जोराच्या पावसात उघड्यावरच्या अळ्या वाहून जातात, त्यामुळे सुरुवातीला डास कमी दिसतात. एडिसची अंडी मात्र कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पाणी लागलं की साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून डास तयार. त्यात वीज गेलेली, पंप बंद, नळाला पाणी नाही, म्हणून घरोघरी ड्रम, रांजण, टाक्या भरून ठेवलेल्या. डास वाढतात, ओरड होते, गाडी येते. पुढे साचलेलं पाणी आटतं आणि डास आपोआप उतरतात. श्रेय धुराला! फवारणी न केलेली तशीच गावं तुलनेला नसतील, तर हा फरक कळणार कसा?

तुलना कशी करायची याचं चांगलं उदाहरण इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहराचं आहे (२०२१ मध्ये प्रसिद्ध). पद्धत वेगळी होती: वोल्बाकिया जिवाणू असलेले एडिस डास सोडले. शहराचे २४ भाग केले, त्यातले १२ यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि बाकीचे १२ तुलनेला ठेवले. मोजलं काय? दवाखान्यात आलेल्या तापाच्या रुग्णांपैकी प्रयोगशाळेत सिद्ध झालेला डेंग्यू. तो ७७ टक्क्यांनी कमी निघाला. इथे दावा आणि मोजमाप एकाच गोष्टीचं आहे.

आपल्याकडे आठवड्यातून एकदा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. भांडी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवायची. अळीचा डास व्हायच्या आत पाणी ओततो, म्हणून मला हा उपाय धुरापेक्षा पटतो. पण मला पटतो हा पुरावा नाही. तोच प्रश्न त्यालाही विचारायला हवा.

तुमच्यापैकी जे संशोधन आराखडा लिहितायत त्यांनी आज एक करून बघा. आपल्या शीर्षकातला दावा एका ओळीत लिहा, त्याखाली आपण प्रत्यक्ष काय मोजणार ते लिहा. दोन्ही ओळी जुळत नसतील तर एक बदला. मार्गदर्शकांनी विचारण्याआधी बदललेली बरी. आणि गावातल्या तापाच्या रुग्णाला ट्रॅपमध्ये किती डास सापडले याच्याशी घेणं-देणं नसतं, हेही लक्षात असू द्या.