मौन मोडणारी कादंबरी

नेल्सन मंडेला यांच्या 1994च्या आत्मचरित्रातील एक कबुली माझ्या मनातून जात नाही. सोळाव्या वर्षी म्बाशे नदीकाठी त्यांची सुंता झाली. घाव बसताच ‘न्दियिन्दोदा’, म्हणजे ‘मी पुरुष आहे’, असे ओरडायचे असते. वेदनेने त्यांना क्षणभर उशीर झाला आणि इतर मुलांपेक्षा आपण कमी पडलो याची लाज वाटली. साठ वर्षांनंतरही ती लाज नोंदवावीशी वाटते, यावरून दक्षिण आफ्रिकेतील खोसा समाजाच्या ‘उल्वालुको’ या दीक्षाविधीचा दबाव कळतो.

थांडो म्कोलोझाना यांच्या ‘अ मॅन हू इज नॉट अ मॅन’ (2009) या इंग्रजी कादंबरीत ही लाज आयुष्य व्यापते. केप टाउनमध्ये वाया चाललेला लुम्किले गावी आणला जातो आणि सुंता करून घेतो. ज्यांनी त्याची काळजी घ्यायची ते वडीलधारे फिरकत नाहीत. जखम चिघळते, रुग्णालय गाठावे लागते. जीव वाचतो, पण रुग्णालयात गेलेला मुलगा लोकांच्या लेखी पुरुष ठरत नाही. या भीतीने किती मुले वेळेवर उपचार घेत नसतील! ईस्टर्न केप प्रांतात दीक्षेच्या हंगामात आजही मुले दगावतात.

पहिल्या वाचनात मला ही परंपराविरोधी कादंबरी वाटली होती. ते वाचन उथळ होते. लुम्किलेला विधी हवाच आहे. त्याचा रोष जबाबदारी टाळणाऱ्या पुरुषांवर आहे. दीक्षेत काय घडले ते स्त्रियांना आणि सुंता न झालेल्यांना सांगायचे नाही, असा दंडक आहे. हे मौन विधीचे पावित्र्य राखते, तसेच हलगर्जीपणाही झाकते. म्हणून लुम्किलेचे प्रथमपुरुषी निवेदन हेच मला कादंबरीचे खरे बंड वाटते.

एक उणीव मात्र जाणवते. दोष गैरहजर माणसांवर टाकल्यामुळे मूळ प्रश्न निसटतो: वडीलधारे हजर असते आणि तरीही जखम चिघळली असती, तर रुग्णालयाचा कलंक टळला असता का?

‘इन्क्सेबा’ (2017) या चित्रपटाने दीक्षेच्या छावणीतले समलिंगी प्रेम दाखवले. विरोध इतका झाला की 2018 मध्ये त्याला अश्लीलपटांच्या वर्गात टाकले गेले. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. 2021च्या कायद्याने दीक्षेसाठी किमान वय आणि दीक्षाशाळांची नोंदणी ठरवून दिली. पण ‘मला दवाखान्यात न्या’ असे म्हणणाऱ्या मुलाला पुरुष मानणे कायद्याच्या हाती नाही. ते काम लुम्किलेसारख्यांच्या बोलण्यानेच सुरू होते.