कान आणि मापपट्टी

संगीताचा शोक असलेल्या सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एक वाद वारंवार ऐकूं येतो. कानांवर चढवून गाणें ऐकण्याचीं जीं यंत्रें मिळतात, ज्यांस सर्रास हेडफोन म्हणतात, त्यांची किंमत कांहीं शेंकड्यांपासून लाखाच्याहि वर जाते. त्यांतलें एखादें भारी यंत्र एखाद्यानें हौसेनें घ्यावें, आठ-पंधरा दिवस तृप्तीनें ऐकावें, आणि मग कृत्रिम कानावर बसवून काढलेला त्याचा आलेख त्याच्या दृष्टीस पडावा! अमुक आंदोलनसंख्येपाशीं खळगा आहे, तमुक ठिकाणीं उंचवटा आहे. त्या क्षणापासून तेंच यंत्र त्याला कर्कश वाटूं लागतें. आतां आलेख पाहण्यापूर्वींचा आनंद खरा, कीं आलेखानें दाखविलेला दोष खरा? यंत्र नवें असलें तरी प्रश्न नवा नाहीं. महाराष्ट्रांत तो शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या हिरिरीनें लढविला गेला, आणि त्या लढ्याची आठवण ठेवणें आजच्या वादास उपकारक होईल असें आम्हांस वाटतें.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अशा माणसास मोजणीची आवड असावी यांत नवल नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत सप्तकाच्या बावीस श्रुति सांगितल्या आहेत, पण त्यांची आंदोलनसंख्या कोठेंहि दिलेली नाहीं. ती आपण काढावी असें देवलांनीं मनावर घेतलें. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखां यांच्या गळ्याची मदत घेऊन, तारेच्या लांबीच्या मापानें त्यांनीं एकेक स्वर पारखला, आणि 1910 सालीं आपलें कोष्टक इंग्रजी पुस्तकाच्या रूपानें प्रसिद्ध केलें. क्लेमंट्स नांवाच्या सनदी नोकरींतील न्यायाधीशानें तें उचलून धरलें. 1913 सालीं त्यानें स्वतःचा ग्रंथ लिहिला, आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी तयार करविली. 1916 सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत ही पेटी विद्वानांपुढें आली. कोष्टकावरून तेथें कडाक्याचा वाद झाला. विरोधकांत खुद्द भातखंडे होते. पुढें पेटी मागें पडली, आणि साधी बारा स्वरांची पेटी घरोघर वाजत राहिली.

या मंडळींस हंसणें सोपें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. त्यांच्या मोजणीनें एक खरें दुखणें उघडकीस आणलें. षड्ज 240 आंदोलनांचा धरला तर शुद्ध गांधार 300 वर येतो, आणि समान अंतरांच्या पेटींत तो 302 च्या थोडा पुढें सरकतो. फरक अडीच आंदोलनांच्याहि आंतला. कोणी म्हणेल, एवढ्याचें काय मोठेंसें? परंतु तंबोऱ्याच्या षड्जांत त्याचा पांचवा स्वरांश 1200 वर बोलत असतो, आणि पेटींतील गांधाराचा चौथा स्वरांश 1209 च्या पुढें पडतो. दोहोंची टक्कर होऊन सेकंदास नऊ-दहा हेलकावे कानावर आदळतात. जाणत्या श्रोत्यास पेटीचा गांधार जो खुपतो तो या हेलकाव्यांमुळें. येथें आंकड्यानें कानाला खोटें पाडलें नाहीं. कानाला जें आधींच टोंचत होतें त्याचें नांव सांगितलें. नभोवाणीनें 1940 पासून पुढील तीस वर्षें पेटीला दार बंद ठेविलें, त्यांत इतर कारणेंहि होतीं, पण हेंहि एक होतें.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. एका गवयाच्या गळ्यावरून माप काढावयाचें, आणि मग तें माप हातीं घेऊन सर्व गवयांच्या गळ्यांचा न्याय करावयाचा, हा क्रम उफराटा होय. जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनीं 1963 सालीं उत्तर हिंदुस्थानी संगीतांतील स्वरांची यांत्रिक मोजणी प्रसिद्ध केली. तींत कलावंताकलावंतांत तर फरक आढळलाच, पण एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच वादनांत खालींवर होतांना आढळला. ज्यानें दरबारीचा गांधार ऐकला आहे त्याला हें सांगावयास यंत्र नको होतें. देवलांचा सगळा खटाटोप एका स्थिर बिंदूसाठीं होता, आणि गाणें तर त्या बिंदूच्या आसपासच्या हालचालींत होतें.

मात्र गळा आणि हेडफोन यांत एक भेद आहे, आणि तो न ओळखल्यामुळें दोन्ही पक्षांची फार ओढाताण होते. गळा स्वर निर्माण करतो. हेडफोन केवळ निरोप्या आहे. मिरजेच्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा जीव घातला म्हणजे जी जवारी खुलते, ती काटेकोर भाषेंत तारेच्या साध्या कंपनाची विकृतिच! चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 सालीं दाखविलें कीं, सामान्य तारेबाबतच्या नियमाप्रमाणें जे स्वरांश उमटूंच नयेत तेहि या घोडीवर उमटतात. म्हणून कोणी जवारी खरवडून काढली नाहीं. तीच गुणगुण हेडफोननें आपल्या पदरची घातली तर मात्र तो निरोपांत फेरफार झाला, आणि त्याची मोजणी करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. एवढ्यापुरते आम्ही मोजणीवाल्यांच्या बाजूचे आहों.

पण निरोप खरा कीं खोटा हें ठरविणारी मापपट्टी कोणाची? अमेरिकेंतील हरमन कंपनीच्या प्रयोगशाळेंत शॉन ऑलिव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं 2012-13 च्या सुमारास जी आदर्श रेषा आंखली, ती अनेक श्रोत्यांना निरनिराळे नाद ऐकवून ‘तुम्हांस कोणता आवडतो?’ असें विचारूनच. म्हणजे मापपट्टी कानांचीच निघाली! ज्या आलेखाला आपण कानाविरुद्धचा साक्षीदार समजतों, तो पुष्कळशा परक्या कानांची सरासरी असतो. पुढील चांचण्यांत बहुसंख्यांस ती रेषा आवडली, कांहींस खर्ज अधिक हवा होता, कांहींस कमी. या शेवटच्यांचे कान सदोष आहेत असें म्हणण्यास काय आधार?

किंमतीचा भाग निराळा आहे, आणि तेथें आम्हांस मोजणीचा फार उपयोग वाटतो. 2017 सालीं ब्रेबार्ट यांनीं 283 हेडफोनांचे आलेख ताडून पाहिले. आलेख आणि किंमत यांचा कांहीं मेळ त्यांना सांपडला नाहीं. आमच्या नगरांत असें भारी यंत्र विकत घेण्यापूर्वीं कानाला लावून पाहण्याची सोय सहसा मिळत नाहीं. मध्यमवर्गी माणसाचा दोन महिन्यांचा पगार केवळ स्तुतिपाठकांच्या भरंवशावर जातो. अशा वेळीं पैसे मोजण्याच्या आधीं आलेख अवश्य पाहावा. पैसे मोजल्यावर तो पाहून काय साधतें, तें आम्हांस अद्याप कोणी समजावून दिलेलें नाहीं. फार तर एवढें करावें कीं, आलेखांत दाखविलेला दोष ओळखीच्या गाण्यांत आपल्या कानांनीं शोधावा. पेटीच्या गांधाराप्रमाणें तो ऐकूं आला तर मानावा. न आला, तर तो कागदाचा दोष होय. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्यांना तर पंधरा हजारांच्या वरचीं आंदोलनें बहुधा ऐकूंच येत नाहींत. तेथील खळग्यासाठीं आम्हीं कां झुरावें?

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं असेंच एक भारी यंत्र घेतलें होतें. ते अब्दुल करीमखांचे भक्त. खांसाहेब 1937 सालीं वारले. त्यापूर्वींच्या थोड्या वर्षांत मुद्रित झालेल्या त्यांच्या झिंझोटीच्या आणि भैरवीच्या तबकड्या हेच या गृहस्थांचें रोजचें ऐकणें. त्या काळच्या लाखेच्या तबकडींत सहा हजार आंदोलनांच्या वर गाण्याचा अंश जवळजवळ नाहीं. जें आहे तें सुईची खरखर. मोजणीच्या हिशेबानें असा नाद अगदींच दरिद्री ठरेल. तरीहि तीन-साडेतीन मिनिटांत तो आवाज वरच्या षड्जावर जाऊन टेंकतो तेव्हां खोलींतील माणसें बोलावयाचीं थांबतात. हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

पुढें कोणीतरी त्यांना त्यांच्या यंत्राचा आलेख दाखविला. सात हजारांपासून नऊ हजारांपर्यंत त्यांत मोठा खळगा होता, म्हणजे ज्या जागीं त्यांच्या तबकड्यांत खरखरीशिवाय कांहींच नव्हतें, नेमक्या त्याच जागीं. महिन्याच्या आंत त्यांनीं तें निम्म्या किंमतीस विकलें. आतां ज्याचा आलेख निर्दोष आहे असें यंत्र त्यांनीं आणलें आहे, आणि खांसाहेबांच्या तबकड्यांतील खरखर पूर्वीं एवढी नव्हती, अशी त्यांची तक्रार आहे.